लखलखपुरातला लांबचा फेरा

साठी पुरी व्हायला दहा महिने उरले असताना मी एका निळ्या केसांच्या बाईच्या नादी लागलो, असं आमची मंडळी, वैजयंता, भेटेल त्याला सांगते. त्यात खोटं काही नाही. फक्त ती बाई पडद्यावरची होती, तिचा उजवा हात पोलादी होता आणि माझा तिच्याशी संबंध दोन-दोन मिनिटांच्या डावांपुरताच यायचा, हे सांगायचं ती टाळते.

खेळाचं नाव लखलखपूर. शंभरेक वर्षांनंतरचं एक शहर. ढगात घुसलेल्या इमारती, त्यांच्या भिंतींवर हलत्याबोलत्या जाहिराती, रस्ते कायम ओले आणि जांभळ्या-हिरव्या दिव्यांनी चकाकणारे. शहरातला प्रत्येक नळ, दिवा आणि दरवाजा एकाच कंपनीच्या मुठीत. कंपनीची उडती यंत्रं आणि चार पायांची लोखंडी कुत्री चहूबाजूंनी अंगावर येतात. डाव्या अंगठ्याच्या दांडीनं बाईला पळवायचं. उजव्या अंगठ्याची दांडी ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला गोळ्या सुटतात, आणि दांडी गोल फिरवली तर गोळ्याही गोल फिरतात. पापणी लवली की बाई आडवी.

मी असल्या खेळांतला माणूस नव्हे. मी हणमंत डुबल, राहणार कराड. एकतीस वर्षं पोकलेन चालवलं. कालवे खोदले, धरणाच्या भिंती भरल्या, घाटात दरडी उपसल्या. पोकलेनलाही दोन हातांत दोन लिव्हर असतात. डाव्यानं मशीनचं धड फिरवायचं, उजव्यानं बादली उचलायची आणि पालथी करायची. दोन हात दोन वेगळी कामं करतात आणि डोकं तिसरंच काहीतरी बघत असतं. हे जमायला मला दोन वर्षं लागली होती, आणि जायला एक वर्ष पुरलं.

हात थरथरायला लागले. आमच्या वडिलांचेही थरथरायचे. डॉक्टर म्हणाले, घराण्यातला कंप आहे, जिवाला धोका नाही, पण मशीनवर बसायचं नाही. घरी बसलो. चहा पेल्यातून प्यायला लागलो, कारण बशीतला चहा ओठांपर्यंत पोचेपर्यंत सदऱ्यावर असायचा. काम नसलेला माणूस घरात किती जागा अडवतो हे मला तेव्हा कळलं, आणि वैजयंताला तर ते रोजच कळत होतं.

दरम्यान घाटातल्या दरडी काढायची पद्धत बदलली. पूर्वी दरड उपसताना वरून दुसरी आली तर चालक मशीनसकट जायचा. माझे दोन सोबती तसे गेले. आता मशीन घाटात आणि चालक कराडात, खुर्चीवर, पडद्यासमोर. याला दूरचालन म्हणतात. कराडात त्याचं केंद्र निघालं आणि त्यांनी जाहिरात दिली की हाताला कंप असला तरी चालेल. वय साठच्या आत हवं, परीक्षेला दोनच संधी, आणि परीक्षा कसली, तर लखलखपूरचा एक डाव. दोन मिनिटांत तीस हजार गुण.

आमची लेक शिवांजली पुण्यात हाताला बांधायचे पट्टे बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीचं काम करते. तिनं जाहिरात वाचली आणि पुढच्याच शनिवारी दोन पट्टे आणि तो खेळ घेऊन घरी आली.

"आप्पा, हात पुढं करा," म्हणाली, आणि कोपराच्या खाली एकेक पट्टा आवळला.

"खेळ खेळून कुणी पोकलेनवर बसतं होय गं?"

"दोन हातांची परीक्षा घ्यायला यापेक्षा स्वस्त काहीच नाही. मशीन पलटी झालं तरी डिझेल जात नाही."

मग तिनं मला पट्ट्याचं गणित समजावलं. आपण बोट हलवायचं ठरवलं की मेंदूचा हुकूम विजेच्या बारीक लहरीसारखा हाताच्या स्नायूत येतो. स्नायू ताणून बोट खरोखर हलेपर्यंत सेकंदाचा पंधरावा-सोळावा भाग जातो. पट्टा तो हुकूम कातडीवरूनच टिपतो, बोट हलायच्या आधी. आता कंप म्हणजे काय, तर तोही एक हुकूमच, पण बिनकामाचा. तो सेकंदाला सहा-सात वेळा एका ठरलेल्या तालात येत राहतो. मुद्दाम केलेल्या हालचालीला असा ताल नसतो. पट्ट्यातला संगणक तो ताल ओळखतो, वजा करतो आणि उरलेला हुकूम तेवढा पुढे पाठवतो.

मला हे लगेच पटलं. पोकलेनमध्ये इंजिनाचा घरघराट दिवसभर चालू असतो, तरी बादलीला दगड लागला की तो टक्क आवाज आम्हाला ऐकू येतो. कान घरघराट वजा करतो. त्यातलाच हा प्रकार.

"अजून एक आहे," शिवांजली म्हणाली. "पट्टा तुमच्याकडून शिकतो. तुमचा हात कुठून कुठं जातो, कसा वळतो, याची एक नोंद तयार होते. तिला आम्ही हातवळण म्हणतो. मग हुकूम निम्मा आला की उरलेला तो अंदाजानं पुरा करतो, म्हणून वेग येतो. आणि परीक्षा पास झालात की हेच हातवळण पोकलेनमध्ये घालायचं. खेळात जे वळण, तेच मशीनला."

पहिल्या दिवशी मी त्या बाईचे, म्हणजे निळीचे, हाल केले. धड फिरवायचं काम माझ्या डाव्या हाताचं, इथं ते उजव्याला. मी वळायला जायचो तर बाई धावत सुटायची आणि सरळ कुत्र्यांच्या तोंडात. वैजयंता भाजी निवडत बघत होती.

"आवं, कशाला मारताय गरिबाला. तिला काय आई-बाप न्हाईत?"

पण चौथ्या दिवशी हात बसले. आणि तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं की बंदुकीची नळी स्थिर आहे. माझे हात मांडीवर थडथडत होते, आणि पडद्यावर निळीचा पोलादी हात ओळंब्यासारखा सरळ. मी डाव सोडून नुसता त्या हाताकडे बघत बसलो. कुत्र्यांनी निळीला फाडलं, मला पत्ता नव्हता. तीन वर्षांनी मला माझा हात दिसत होता. मी रडलो, सांगायला लाज कसली. वैजयंतानं भाजीचं ताट बाजूला ठेवलं, माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "पुन्हा लावा डाव. मी बघती."

त्यानंतर खेळाची चटकच लागली. सकाळी आंघोळ झाली की लखलखपूर, जेवण झालं की लखलखपूर. दुकानांच्या पाट्यांखालून निळी सुसाट सुटायची, मागून उडती यंत्रं, पुढून कुत्री, मी डावीनं पळवतोय, उजवीनं गोळ्यांचा चाबूक फिरवतोय, ठिणग्या उडताहेत. माझ्यासारख्या माणसाला असलं काही आवडेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण गुण मात्र बावीस हजारांच्या वर सरकेनात.

कारण शिवांजलीनंच शोधलं. लखलखपुराच्या रस्त्यांवर साधी माणसंही चालत असतात. छत्र्या घेतलेली, पिशव्या घेतलेली. त्यांचा खेळाशी संबंध नाही. गोळ्या त्यांच्या आरपार जातात, त्यांना काही होत नाही, आपले गुण वाढत नाहीत की घटत नाहीत. समजा एक शत्रू समोर डाव्या कोपऱ्यात आहे, दुसरा समोर उजव्या कोपऱ्यात, आणि मध्ये ही माणसं. सगळे खेळाडू बंदूक डावीकडून उजवीकडे सरळ फिरवतात, माणसांवरून. मी मात्र दर वेळी मागून फिरवत होतो, तीन चतुर्थांश वर्तुळाचा लांबचा फेरा घालून. हुकूम निम्मा आला की पट्टा, कारखान्यातूनच भरून आलेल्या अंदाजानं, जवळच्या वाटेनं जायला बघायचा, माझा हात त्याला मागे ओढायचा, आणि या ओढाताणीत अर्धा-अर्धा सेकंद जायचा.

"आप्पा, ती चित्रं आहेत."

"दचकतात बघ."

तिनं निरखून बघितलं. खरंच, गोळ्यांची रेघ अंगावरून गेली की ती माणसं खांदे आखडून वर बघतात. कुणीतरी हौसेनं एवढी बारीक कलाकारी केली होती.

"पण त्यांना लागत नाही ना."

"पोकलेनची भरली बादली डोक्यावरून गेली तरी लागत न्हाई. पडली तरच लागतं."

भरली बादली माणसाच्या डोक्यावरून न्यायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. मला शिकवणारे उस्ताद त्यासाठी थोबाडीत मारायचे. एकतीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नाही. लांबचा फेरा घ्यायचा, डिझेल जळू द्यायचं, मुकादम शिव्या देईल त्या ऐकायच्या.

पहिल्या परीक्षेत मला बावीस हजार चारशे मिळाले. दुसरी आणि शेवटची संधी पाच आठवड्यांनी होती. त्यानंतर मी साठीत गेलो की दार बंद.

मग मी ठरवलं, चित्रं तर चित्रं. हाताला नवं वळण लावायचं. रोज साठ डाव. पहिले दोन दिवस जड गेले. माणसं दचकायची, मी दात खाऊन बंदूक त्यांच्यावरून न्यायचो. आठवड्यानं ती मला दिसेनाशी झाली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी चौतीस हजार झाले. शिवांजलीनं फोनवर टाळ्या वाजवल्या. मी खूश होतो, फार खूश होतो.

त्याच रविवारी सकाळी दारातल्या शेवग्याच्या शेंगा काढत होतो. हातात बारा फुटी बांबू, टोकाला आकडी. दोन्ही हातांनी घट्ट धरला की बांबू मला पेलतो. डावीकडच्या शेंगा झाल्या. वैजयंता खाली वाकून त्या गोळा करत होती. उजवीकडच्या फांदीत घडच्या घड दिसले, आणि मी बांबू फिरवला. सरळ. तिच्या डोक्यावरून. आकडीत मोडकी फांदी अडकलेली होती. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, ती सुटली आणि तिच्या खांद्यावर आदळली.

लागलं फार नाही. खरचटलं. मी बांबू टाकून तिच्याजवळ गेलो.

"तुम्ही कधी असं करत न्हाई," ती म्हणाली.

तेच तर होतं. मी कधी असं करत नाही. फिरवण्याआधी मनात काही आलंसुद्धा नव्हतं. ती मला दिसलीच नव्हती.

मी तिच्या खांद्याला हळद लावली, म्हणजे लावायचा प्रयत्न केला. निम्मी तिच्या लुगड्याला लागली. मग शिवांजलीला फोन केला.

"गेल्या तीन आठवड्यांचं हातवळण पुसता येतं का गं?"

"येतं. पण का? चौतीस हजारांवर आलाय तुम्ही."

मी सांगितलं.

"आप्पा, पुसलं की परत बावीस हजार. परीक्षा तेरा दिवसांवर आहे. मशीनवर बसल्यावर सांभाळून चालवा ना. तुम्हाला काय सांगायला हवं?"

"मशीनवर मी न्हाई बसणार, माझं हातवळण बसणार. तूच म्हणालीस. मी डोळा मिटला तर ते काय करील, ते मी आज बघितलं. पूस."

तिनं पुसलं. फोन ठेवला तेव्हा मला बरंही वाटत होतं आणि वाईटही. पोकलेन आता माझ्या हातून गेलं असं मी धरून चाललो.

तरी सवयीनं संध्याकाळी खेळायला बसलो, पुन्हा लांबच्या फेऱ्यानं. बावीस हजार. एकवीस. परत बावीस. वैजयंता खांद्याला फडकं बांधून शेजारी शेंगा सोलत होती.

"एक इचारू का?" ती म्हणाली. "कालव्याच्या कामावर मी डबा घिऊन यायची तवा तुम्ही पयला अर्धा तास मशीन नुसतं हिकडनं तिकडं न्यायचा. मुकादम बोंबलायचा, खोदायला कवा लागनार म्हनून. एकदा मनासारखं लागलं की मग दिवसभर बादली मोकळ्या अंगानंच फिरायची, मानसं सगळी पाठीमागं. हितं तुमची ती निळी जिथं उगवती तिथनंच दाणदाण सुटती. तिला आधी नीट जागी लावा की."

मी तिच्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. एकतीस वर्षं मी जे काम खोदण्याइतकंच महत्त्वाचं मानलं, ते या खेळात मी एकदाही केलं नव्हतं. सगळी मारामारी उजव्या अंगठ्याशी चालली होती. डावा अंगठा मी फक्त पळून जायला वापरत होतो.

तेरा दिवस मी डाव्या अंगठ्यावर घालवले. लखलखपूरचा प्रत्येक चौक बघितला. माणसं कुठून येतात, कुठल्या कडेनं चालतात, कुठं थांबतात. कुठं उभं राहिलं की ती सगळी पाठीशी येतील आणि समोरचं अर्धवर्तुळ मोकळं राहील. एकदा जागा सापडली की लांबच्या फेऱ्याची गरजच पडत नव्हती. जवळची वाट हीच बरोबर वाट होती, पट्ट्याचा अंदाज आणि माझा हात एका दिशेला जात होते, आणि वेग आपोआप येत होता. पण जागेपर्यंत पोचायला वेळ जायचा. कधी अठ्ठावीस हजार, कधी एकतीस, कधी निळी वाटेतच आडवी.

परीक्षेच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. बाकीचे पाच पंचविशी-तिशीतले. परीक्षा घ्यायला बागवान मॅडम होत्या, स्वतः सात वर्षं दूरचालन केलेल्या. वैजयंता बाहेर बाकावर बसली होती.

डाव सुरू झाला. चौक नवा होता, परीक्षेसाठी मुद्दाम बनवलेला, मी कधी न पाहिलेला. शेजारच्या पाच पडद्यांवर गोळ्यांचा पाऊस सुरू झाला. मी उजव्या दांडीला हात लावला नाही. निळीला पळवत राहिलो आणि माणसं बघत राहिलो. पाच सेकंद. सात. एक कुत्रं पायाला झोंबलं, निळीचा निम्मा जीव गेला. मागून मॅडमचा आवाज आला, "काका, पट्टा चालू आहे ना?" मी मान हलवली. माणसं एका उड्डाणपुलाखालून येत होती आणि चहाच्या टपरीच्या रांगेकडे जात होती. म्हणजे टपरीच्या पुढ्यात, रांगेकडे पाठ करून. बाराव्या सेकंदाला निळी तिथं पोचली.

मग मी उजवा अंगठा ढकलला. पुढचा पावणेदोन मिनिटांचा वेळ मला एखाद्या चांगल्या दिवसासारखा आठवतो. यंत्रं येत होती, कुत्री येत होती, बंदूक इकडून तिकडे मोकळ्या अंगानं फिरत होती. एखादं यंत्र पाठीमागून, रांगेच्या डोक्यावरून आलं की मी ते पुढ्यात येईपर्यंत निळीला दोन पावलं सरकवायचो आणि मगच उडवायचो. त्यात दोनदा मार खाल्ला. डाव संपला तेव्हा तिचा जीव नखाएवढा उरला होता आणि गुण होते तीस हजार आठशे पन्नास.

"काका," मॅडम आकड्याकडे बघत म्हणाल्या, "पहिले बारा सेकंद एकसुद्धा गोळी नाही. मला वाटलं, तुम्हाला काही झालं. काय करत होता?"

"मशीन लावत होतो," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर कागद सरकवला. सही करताना माझा हात नेहमीसारखाच थरथरत होता.

बाहेर येऊन वैजयंताला सांगितलं. ती म्हणाली, "झालं, आता दिवसभर घर मोकळं," आणि पदरानं डोळे पुसले.

पुढच्या महिन्यात कुंभार्ली घाटात एक दरड आली. मोठी नव्हती. अर्धा रस्ता बंद, एस्ट्या अडकलेल्या. मी कराडात खुर्चीवर बसलो, पट्टे आवळले आणि पडद्यावर घाट उघडला. लाल माती, उलटी झाडं, खाली फावडी घेतलेले मजूर. घाटातल्या मुकादमाचा आवाज कानात आला, "चला काका, करा सुरू, लई खोळंबा झालाय."

मी खोदायला सुरुवात केली नाही. मशीन मागं घेतलं, कडेनं वळवलं, परत पुढं घेतलं. मुकादम काय बोलत होता ते सगळं ऐकलं. वीस मिनिटांनी मजूर मशीनच्या पाठीशी आले आणि दरीकडची बाजू मोकळी झाली, तेव्हा पहिली बादली भरली.

दुपारपर्यंत दीडशे बादल्या काढल्या. जेवणाची वेळ झाली तशी मजुरांतली एक बाई रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. तिनं भाकरी सोडली, कांदा फोडला. तिच्या पाठीमागं दहा हातांवर वीस टनांचं मशीन गरगर फिरत होतं, त्याच्या बादलीत दीड-दोन टन दगडमाती होती आणि ते चालवणारा साठीला आलेला माणूस पन्नास-साठ किलोमीटरवर थरथरत्या हातांनी बसला होता. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती मशीनकडे पाठ करून सावकाश जेवली, आणि एकदाही दचकून वर बघितलं नाही.